उपासना चुकत नाही, मग आनंद कुठे गेला?

प्रश्न : ताई, मी भुसावळचा. रेल्वेतून निवृत्त होऊन वर्ष झालं. रविवारची उपासना चुकत नाही, बायबल वाचतो. पण सकाळी उठलं की कशासाठी उठलो तेच कळत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर : भाऊ, विश्वास आटला असता तर हे पत्र तुम्ही लिहिलंच नसतं. मी धुळ्यात नर्स होते. नोकरी सुटल्यावर मीही अशीच घड्याळाकडे बघत बसायचे. मग शेजारच्या आजींच्या पायाची पट्टी बदलायला जाऊ लागले. मधुमेहाची जखम, सलाईननं हळूहळू धुवायची. दारात पाऊल टाकलं की त्या म्हणायच्या, "उनी का व माय?" "आलीस का गं, माय?" या हाकेसाठी मी सकाळची वाट बघू लागले. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, 13व्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांचे पाय धुतो, ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. कळलं ते आजींची टाच हातात धरल्यावर.

बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र पुन्हा वाचा. चारच अध्याय आहेत. प्रेषित पौलानं ते कैदेतून लिहिलं, तरी आनंदाची गोष्ट तो पुन्हा पुन्हा काढतो. पण एकट्यानं वाचू नका. तुमच्या चर्चच्या मंडळीत कुणी अंथरुणाला खिळलेलं असेलच. त्यांच्या उशाशी बसून मोठ्यानं वाचा.

आणि झोप, भूक दोन आठवडे उडाली असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा. तो अविश्वास नव्हे, भाऊ. पाळकांनाही सांगा. महिन्याभरानं मला पुन्हा लिहा, मी वाट बघते.