अ. उ. आ. आणि ओएमजी

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आजोबा व्हॉट्सअ‍ॅपवर तुला 'चि. मनूस अ. उ. आ.' लिहितात. तुझ्या मैत्रिणीला ती गुप्त भाषा वाटली आणि 'त्यापेक्षा आमचं ओएमजी बरं, आजोबा हे कुठून शिकले?' असं तू विचारलंस. अ. उ. आ. म्हणजे वरची दुसरी ओळ.

आता ओएमजी. ते तुमचं नाहीच! ९ सप्टेंबर १९१७ला लॉर्ड फिशर या निवृत्त ब्रिटिश नौदलप्रमुखाने विन्स्टन चर्चिलला पत्र लिहिलं. सरकार नवा किताब काढतंय असं त्याच्या कानावर आलं होतं. इंग्रजांच्या किताबांना सीएमजी, केसीएमजी अशी आद्याक्षरं असतातच. म्हातारबुवांनी खवचटपणे ओएमजी सुचवलं, कंसात 'ओह! माय गॉड!' अशी फोड केली, आणि नौदल खात्यावर त्याची खैरात करा म्हणाले. वय ७६. ऑक्सफर्डच्या कोशाने २०११ साली ओएमजी घेतलं तेव्हा सर्वांत जुना पुरावा म्हणून हेच पत्र दिलं. संगणकावर गप्पा मारणाऱ्यांनी ते वाचलं असेल असं मला वाटत नाही. घाई असली की कुणालाही हेच सुचतं.

आपल्याकडे मोडी कागदांतही आद्याक्षरांवर भागवायचे. राजमान्य राजश्रीचं रा. रा. झालं ते असंच. १८७९ साली पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं, मग तर एवढ्याशा जागेत खुशाली, पाऊस, लग्नाची बोलणी सगळं कोंबायचं. दांडिया बाजारच्या घरी माळ्यावर तारेला टोचलेली कार्डं आहेत ती आजोबांकडून काढून घे. क. लो. अ. सापडेल: कळावे, लोभ असावा.

एक फरक मात्र बघ. ओएमजी कुणालाही चालतं. आपली अक्षरं आधी माणसाची पायरी ठरवतात: वडीलधाऱ्यांना ती., धाकट्यांना चि., सवाष्णीला सौ., विधवेला गं. भा. हे शेवटचं गेलं ते बरंच झालं. बाईच्या नावाआधी तिचं दुःख कशाला?

मैत्रिणीला गंमत म्हणून लिहिणार असशील तर अ. उ. आ. नको, ती तुझ्याच वयाची. तिला स. न. वि. वि., म्हणजे सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आजोबांना सा. न. वि. वि. तो काना सांभाळ, नाहीतर मैत्रिणीपुढे साष्टांग पडशील.

तुझा,
बाबा