तुमचे प्रश्न: वाचनालय आणि कातकरी वाडी

प्रश्न: ताई, रोह्याच्या बाजूला आमच्या गावात शासनमान्य वाचनालय आहे, मी कमिटीवर आहे. डोंगराच्या अंगाला कातकरी वाडी आहे पण तिथलं एकही माणूस आमचा सभासद नाही. यंदा 9 ऑगस्टला आदिवासी दिनाला वाडीतल्या पोरांना बोलवून नाच बसवायचा, दोघातिघांना शाल-श्रीफळ द्यायचं असं चाललंय. मला ते पटत नाहीये. दुसरं काय करता येईल?
– एक वाचक, रायगड

उत्तर: दादा, मलाही नाही पटत. पोरं नाचणार, फोटो निघणार आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं एखादं पोर पुस्तक मागायला आलं तर त्याच्याकडे अनामत मागणार, मग ते परत कशाला येईल? आधी वाडीसाठी अनामत आणि वर्गणी माफ करायचा ठराव करा, आणि पुस्तक हरवलं तर दंड नाही हेही त्यातच लिहा.

दुसरं म्हणजे बरीच कातकरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात, पोरंही सोबतच जातात, मग आठ-पंधरा दिवसांत पुस्तक परत आणा हा नियम त्यांच्यासाठी कसा चालेल सांगा. जाताना प्रत्येक घराला पाच-सहा गोष्टीची पुस्तकं द्या, जूनमध्ये आली तर आली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे वाचनालयच करू शकतं. 2006 च्या वनहक्क कायद्यात वनजमिनीवरच्या हक्काचा दावा करताना एकापेक्षा जास्त पुरावे लागतात आणि त्यात गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ), जनगणना, जुने नकाशे असे सरकारी कागद चालतात, आणि वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी घेतलेला जबाबसुद्धा चालतो (दावा करणारा सोडून दुसऱ्याचा हवा). 1883 च्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्याच्या, गॅझेटियरमध्ये कातकऱ्यांबद्दल मजकूर आहे. लिहिलाय साहेबाच्या नजरेनं, वाचताना राग येतो, पण कागद म्हणून कामाचा आहे. नुसत्या तेवढ्यावर दावा उभा राहत नाही, जोडीला बाकीचे पुरावे हवेतच. तुमच्याकडे नसेल तर जिल्ह्याच्या ग्रंथालयात विचारा, झेरॉक्स आणून ठेवा, आणि आठवड्यातनं एक संध्याकाळ ग्रंथपालांनी नाहीतर लिहितावाचता येणाऱ्या कुणीतरी वाडीवरच जाऊन दाव्याचे फॉर्म भरून द्यायला बसावं. वाचनालयात या म्हटलं तर पहिल्यांदा कुणी येणार नाही, ते तुम्हालाही माहीत आहे.

वाडीतल्या आजी-आजोबांकडे रानभाज्या, खाडीतले मासे, औषधी झाडपाला याचं केवढं ज्ञान आहे! ते त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड करता येईल, पण आधी विचारून, मानधन देऊन, आणि रेकॉर्डिंगची एक प्रत वाडीतच ठेवून. औषधाचं एखादं झाड सांगायचं नाही म्हणाले तर तिथेच थांबायचं. उगाच गोड बोलून काढून घ्यायचं नाही.

कार्यक्रम करायचाच असेल तर सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीतले ठाकर आदिवासी कलाकार चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं) आणि कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करतात, तिथल्याच परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्यातल्या कुणाला बोलवलंत तर पूर्ण बिदागी आणि गाडीभाडं द्या, आणि वाडीतल्या लोकांना पहिल्या रांगेत बसवा.

आणि कमिटीत वाडीतली एक बाई घ्या. मीटिंग मजुरी बुडणार नाही अशा वेळेला ठेवा म्हणजे झालं.