"गाठ वाढलीय, आणि डॉक्टर म्हणतात अठरा दिवसांनी या!"

अंगणवाडीत काम करणाऱ्या ४६ वर्षांच्या ताईंचं खुर्चीत बसल्याबसल्या पहिलं वाक्य हेच. शेजारी मिस्टर, मांडीवर रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी. सोनोग्राफीत स्तनातली गाठ २.४ सेंटिमीटर, काखेत काही नाही, पाच दिवसांपूर्वीच्या बायोप्सीत कॅन्सर निश्चित. स्टेज दुसरी, तरी सुरुवातीच्याच कॅन्सरमध्ये धरली जाणारी. निदान झालंय पण उपचार सुरू नाहीत, अशा दिवसांत ही तक्रार पुष्कळ जणी करतात. ती मनाचे खेळ म्हणून उडवून लावू नये, कारण हाताला गाठ खरंच मोठी लागते.

बायोप्सीची सुई गेली तिथे आत रक्त साकळतं, भोवती सूज येते. कातडी आधी निळी-जांभळी, मग हिरवट-पिवळी होते. हे ओसरायला दोन-तीन आठवडे लागतात. दिवसातून किती वेळा चाचपता, असं विचारल्यावर ताई आधी "अधूनमधून" म्हणाल्या, मग आठवून मोजता मोजता तीसवर गेल्या. पोरांना खिचडी वाढताना, एसटीत, रात्री कूस बदलली की. दाबलं की दुखतं, दुखलं की वाढल्यासारखी वाटते, की पुन्हा हात तिथेच. त्यात जाऊबाईंनी "सुई टोचली म्हणून पसरतो" हे कानात घातलेलं. बायोप्सीनं कॅन्सर अंगभर पसरत नाही, आणि तिच्याशिवाय उपचार ठरतच नाहीत.

"हात लावू नका" एवढं सांगून हात थांबत नाही. ठरलं ते असं: हात निघाला की घड्याळ बघायचं आणि वीस मिनिटं हाताला दुसरं काम द्यायचं, शेंगा सोलणं, पालेभाजी निवडणं. ऊर्मी चढते तशी उतरतेही. पहिल्या दिवशी तीसचे वीस झाले तरी पुरे. मात्र ताप, पू, दाबूनही न थांबणारं रक्त किंवा स्तन झपाट्यानं लाल होऊन कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसणं, यांतलं काही झालं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

आता अठरा दिवस कशाला? रिपोर्टात हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन, ते जास्त असेल तर औषधं वेगळी) 'दोन प्लस' होतं, म्हणजे धड होय नाही, धड नाही नाही. म्हणून नमुना फिश तपासणीला, म्हणजे होय की नाही याचा निकाल लावणाऱ्या जनुकांच्या तपासणीला, गेलेला. होय आलं तर एवढ्या गाठीला बऱ्याचदा आधी औषधं आणि मग ऑपरेशन, नाही आलं तर बहुधा आधी ऑपरेशन. घाईनं कापलं तर क्रमच चुकायचा. ही गाठ काही पाच दिवसांत झालेली नाही. अशा गाठी बहुधा वर्षानुवर्षं वाढत आलेल्या असतात, तपासणीचे दोन-तीन आठवडे सहसा चित्र पालटत नाहीत. महिनोन् महिने काढे घेत बसणं मात्र महागात पडतं.

मिस्टरांचं म्हणणं, "सगळंच काढून टाका." गाठ तेवढी काढून रेडिएशन घेतलं तरी जगण्याचं प्रमाण पूर्ण स्तन काढल्याइतकंच राहतं, हे २००२ मध्ये दोन मोठ्या अभ्यासांच्या २० वर्षांच्या पाठपुराव्यातून पुढे आलं. हे ऐकून ते गप्प झाले. निर्णय अर्थात ताईंचा.

रात्रीच्या विचारांसाठी वही. संध्याकाळी सहा ते साडेसहा, अंथरुणात नाही. एका बाजूला डॉक्टरांना विचारायचं, दुसऱ्या बाजूला घरात ठरवायचं, खाली ज्याला आज उत्तरच नाही ते. रात्री तीनला काही सुचलं तर एक शब्द लिहून वही मिटायची. झोप, जेवण दोन आठवडे उडालं तर मनोविकारतज्ज्ञांकडे जावं, पण पुढे टॅमॉक्सिफेन (हार्मोनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी) मिळू शकतं हे त्यांना आधी सांगावं. फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिनसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या त्याच्या कामात अडथळा आणू शकतात.

आणि कागद. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नियोजित उपचाराला मंजुरी आधी लागते, उपचार उरकून बिल दाखवायला गेलं तर पंचाईत. ताईंच्या रेशनकार्डावर सासरचं नाव, आधारवर माहेरचं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या मदतनिसांना, हे लगेच दाखवायचं ठरलं. दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही, लॅबमधून बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड लेखी अर्ज देऊन मागून घ्यावे लागतात.

पुढच्या भेटीला ताई वही घेऊन आल्या. आधारची दुरुस्ती झाली होती. चाचपणं दिवसाला चारवर आलं होतं, त्यातलं एक आंघोळीच्या वेळचं, "ते मोजायचं का?" असं त्यांनी विचारलं.