तुमच्या कानावर आधी येतं

प्रिय,

पत्र मिळालं. कोवळ्या वयाच्या मुलांनी आपल्याच वर्गातल्या कुणावर हल्ला केल्याची बातमी वाचून तू हादरणं साहजिक आहे. 'यात माझ्या हातात काय आहे?' असं विचारलंस. बरंच आहे. आम्हा मोठ्यांच्या हातात आहे त्याहून जास्त.

अशा घटनेनंतर 'तो असं काही करेल असं वाटलंच नव्हतं' हे वाक्य हमखास ऐकू येतं. मला ते फारसं पटत नाही. एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला. त्यानंतर तिथल्या सीक्रेट सर्व्हिसनं, म्हणजे राष्ट्राध्यक्षांना सांभाळणाऱ्या यंत्रणेनं, शिक्षण खात्याबरोबर शाळांवरचे ३७ हल्ले तपासले. २००२ सालच्या त्या अहवालात असं दिसलं की, ८१ टक्के घटनांत हल्लेखोराच्या मनात काय शिजतंय हे किमान एकाला तरी आधी कळलेलं होतं. आणि कळलेले बहुतेक जण त्याच्याच वयाचे होते: मित्र, वर्गसोबती, भावंडं. शिक्षक आणि आईवडील यांच्यापर्यंत ते क्वचितच पोचलं. ऐकणाऱ्यांपैकी काहींना वाटलं, हा नुसता बोलतोय. काहींना वाटलं, सांगितलं तर आपणच गोत्यात येऊ.

त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. तीन चतुर्थांशांहून अधिक हल्लेखोरांच्या मनात आधी आत्महत्येचे विचार येऊन गेले होते, किंवा त्यांनी तसा प्रयत्नही केला होता. दुसऱ्यावर हात उगारण्याच्या कितीतरी आधी ही मुलं स्वतःच्या जिवावर उठलेली होती. याचा अर्थ दुःखी मूल धोकादायक असतं असा मुळीच काढू नकोस. दुःख सोसणारी बहुतेक मुलं कुणालाही इजा करत नाहीत. उलट तीच मार खात असतात. हल्लेखोर ओळखण्याचा काही साचा नाही, हेही त्या तपासणीत स्पष्ट झालं. त्यांच्यात चांगले गुण मिळवणारे होते, मित्रांच्या गराड्यातले होते. तेव्हा अबोल मुलाकडे संशयानं बघायचं नाही. (ही चूक शाळा फार उत्साहानं करतात.) लक्ष ठेवायचं ते त्याच्यासाठी, त्याच्या भीतीपोटी नाही.

बघायचं काय? बदल. रोज मैदानावर असणारा कोपऱ्यात बसू लागला, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागला, झोप उडाल्यासारखा दिसू लागला, जुना अपमान पुनःपुन्हा उगाळू लागला. आणि त्याचा सतत छळ होत असेल, तर तो तुम्हा सगळ्यांना दिसतच असतो. दिसूनही कुणी उठत नाही याचं कारण सगळे दुष्ट असतात असं नाही. डार्ली आणि लाटाने या मानसशास्त्रज्ञांचा १९६८ सालचा प्रयोग आहे. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला फिट आल्याचं इंटरकॉमवर ऐकू येत होतं. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटलं, त्यांतले ८५ टक्के लगेच मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी उठले फक्त ३१ टक्के. वर्गात तर चौघांहून कितीतरी जास्त असता तुम्ही. म्हणून दुसरं कुणीतरी बघेल, हा विचार मनात आला की आपण उठायचं असं ठरवूनच टाक. कॅनडात शाळेच्या मैदानांवर प्रत्यक्ष चित्रीकरण करून झालेल्या एका अभ्यासात दिसलं की, सोबत्यांपैकी कुणी मध्ये पडलं तर निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांच्या आत दादागिरी थांबली. मध्ये पडणं म्हणजे मारामारी नव्हे. 'चल, आपल्याला जायचंय' म्हणत त्याला तिथून बाजूला घेऊन जाणंही पुरतं.

बोलताना एकट्याला गाठ, चारचौघांत विचारू नकोस. 'काय झालं?' याला 'काही नाही' हेच उत्तर येतं. त्यापेक्षा जे दिसलं तेच सांग: 'आठवडाभर डबा न उघडता परत नेतोयस.' आणि मग गप्प बस. ते सगळ्यात अवघड. तो मरणाबद्दल बोलला, तर 'जीव द्यावासा वाटतो का?' असं थेट विचार. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचं ओझं उतरतं.

पण त्यानं हत्याराचं, ठरावीक दिवसाचं किंवा कुणाचं नाव घेऊन काही म्हटलं, तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस. एकट्यानं समजूत घालायलाही जाऊ नकोस. मेसेज असेल तर स्क्रीनशॉट ठेव आणि त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांग. त्यानं 'पोरं बोलतात असं' म्हणून उडवून लावलं, तर दुसऱ्याकडे जा, मग तिसऱ्याकडे. मित्राला पकडून दिल्यासारखं वाटेल, तो काही दिवस तोंडही बघणार नाही. बघू दे नाही तर नको. तो आणि बाकीचे सुखरूप राहिले, तर रुसवा काढायला वेळ मिळेल. चौकशी होऊन तो वर्गात परत आला की मात्र त्याला वाळीत टाकू देऊ नका. शेजारी बस.

आणि एक. मागच्या बाकावरच्या ज्या मुलाबद्दल तू पत्रात दोन वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलंयस, त्याच्याशी तुझं बोलणं झालंय का? पुढच्या पत्राची वाट बघू नकोस, फोन कर.

तुझा,
काका