वाचक विचारतात : दहावीनंतरचं शिक्षण, हातातलं काम आणि कागद

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा निकाल लागला की निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या पत्रांत एकच काळजी असते : पोराला कुठे घालायचं आणि पैसे कुठून आणायचे? सारखे प्रश्न एकत्र करून या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी एसएसएलसीला गणित आणि विज्ञानात राहिलो. एका खासगी सेंटरमध्ये तीन महिन्यांचा वेल्डिंग कोर्स आहे. फी अठरा हजार, ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणतात. वडील गवंडीकाम करतात, पैसे व्याजाने काढावे लागतील. जाऊ का? — खानापूर तालुका

व्याजाने पैसे काढू नका. आयटीआयच्या वेल्डर ट्रेडला आठवी पास चालते आणि तो एक वर्षाचा आहे. वायरमनलाही आठवी चालते, तो मात्र दोन वर्षांचा. सरकारी आयटीआयची फी या अठरा हजारांच्या जवळपासही जात नाही. शिवाय एसएसएलसीची परीक्षा आता वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा होते. राहिलेल्या दोन विषयांचे परीक्षा-२ चे फॉर्म शाळेतूनच भरा. दहावी सुटली की फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन या ट्रेडनाही अर्ज करता येतो. वडिलांकडे बांधकाम कामगारांचं कार्ड नसेल तर तेही काढून घ्या. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी झालेल्या कामगाराच्या मुलांना बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडून शिक्षणासाठी मदत मिळते.

तरीही छोटा कोर्सच करायचा असेल तर सेंटरवाल्यांना एकच प्रश्न विचारा : एका पोराला दिवसाला किती रॉड जाळायला देता? वेल्डिंग फळ्यावर शिकता येत नाही. ३.१५ मिलिमीटरचा, ४५० मिलिमीटर लांबीचा साधा रॉड साधारण दीड मिनिटात संपतो. दिवसाला दहा रॉड मिळाले म्हणजे दिवसभरात हातात आर्क (रॉडच्या टोकाची विजेची ज्योत) होता जेमतेम पाव तास. बाकीचा वेळ दुसऱ्याचं काम बघण्यात गेला. तीस-चाळीस रॉड मिळत असतील तर हात बसायला सुरुवात होते. रॉड आणि सरावाच्या लोखंडी पट्टीला पैसे लागतात, म्हणून कमअस्सल सेंटर नेमकं तिथेच हात आखडतं.

शक्य असेल तर एक दिवस नुसतं उभं राहून बघा. या रॉडला साधारण ९० ते १३० अँपिअर करंट लागतो. करंट कमी असेल तर रॉड पट्टीला चिकटतो आणि मणी (वितळून थिजलेल्या धातूची रेघ) पट्टीत न शिरता वर फुगून बसतो. जास्त झाला तर मण्याच्या दोन्ही कडांना चर पडते आणि थेंब उडतात. आर्कची लांबी रॉडच्या जाडीइतकीच ठेवायची असते. ती वाढली की मण्यात भोकं पडतात, ओल्या रॉडनेही पडतात. एका थरावरचा स्लॅग (वर जमलेली काचेसारखी खपली) हातोडीने आणि वायरब्रशने साफ न करता दुसरा थर चढवला तर स्लॅग आतच अडकतो. वरून जोड चांगला दिसतो आणि भार आला की तिथेच तुटतो. चांगला मास्तर टी जोड मुद्दाम मोडायला लावतो आणि मोडलेली बाजू उजेडात धरून मुळापर्यंत धातू वितळला होता का ते दाखवतो. जिथे जोड मोडून बघत नाहीत, तिथे फी भरू नका.

डोळ्यांसमोरची काळी काच १० किंवा ११ नंबरची हवी. कपडे सुती हवेत, नायलॉन अंगाला चिकटतं. काचेशिवाय आर्क बघितला तर त्रास लगेच होत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि पाणी वाहतं. असं झालं तर घरगुती थेंब न घालता डॉक्टरकडे जा.

राहिला सर्टिफिकेटचा मुद्दा. सरकारमान्य छोट्या कोर्सच्या सर्टिफिकेटवर कामाच्या भूमिकेचं नाव, पातळी आणि क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केल्यावर स्किल इंडिया डिजिटलवर तुमची नोंद दिसली पाहिजे. नुसत्या सोनेरी शिक्क्याला वर्कशॉपमध्ये कोणी विचारत नाही. खासगी आयटीआयची मान्यता तर प्रत्येक ट्रेडला वेगळी असते. फिटरला मान्यता आहे म्हणून इलेक्ट्रिशियनलाही असेलच असं नाही. आपल्या ट्रेडचं नाव मान्यतेच्या यादीत स्वतः वाचा, मगच पैसे द्या.

प्रश्न : मी बिडी वळते. मुलगा आयटीआयला लागतोय. बिडी कामगारांच्या मुलांना स्कॉलरशिप असते असं ऐकलं, ती कशी मिळते? — निपाणी

ताई, आहे आणि ती तुमच्या हक्काची आहे. केंद्राच्या कामगार मंत्रालयाची ही योजना बिडी, खाण आणि सिने कामगारांच्या मुलांसाठी आहे. आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा साध्या पदवीला वर्षाला ६,००० रुपये, अकरावी-बारावीला ३,००० रुपये, इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक पदवीला २५,००० रुपये मिळतात. आई किंवा वडिलांनी किमान सहा महिने बिडीचं काम केलेलं असावं लागतं. तुमचं बिडी कामगार ओळखपत्र हाच त्याचा मुख्य कागद आहे. आधी कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का बघा. बऱ्याच बायकांच्या कार्डावर माहेरचं नाव असतं आणि आधारवर सासरचं. ते आताच दुरुस्त करून घ्या, मुदत संपायच्या आठवड्यात होणार नाही.

अर्ज राष्ट्रीय स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा. त्याआधी मुलाची एकदाची नोंदणी करावी लागते. त्यात मोबाईलवर चेहऱ्याची पडताळणी होते, म्हणून मुलाला सोबत न्या. अर्ज भरला म्हणजे काम संपलं असं नाही. तो आधी आयटीआयकडे जातो आणि तिथल्या क्लार्कने पोर्टलवर मंजुरी दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. फॉर्मची प्रत हातात देऊन या आणि दहा दिवसांनी पुन्हा विचारा. एकाच शिक्षणासाठी दोन स्कॉलरशिप घेता येत नाहीत. दुसरीकडून जास्त मिळत असेल तर आधीच ठरवा.

प्रश्न : मुलगा आयटीआय फिटर पास आहे. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत आठ महिने ‘ट्रेनी’ आहे. हातात आठ हजार देतात. कागद काहीच नाही, दिवसभर कास्टिंगची ग्राइंडिंग करतो. पुढे पर्मनंट करतील म्हणतात. — मच्छे

कागद नसेल तर तो कायद्याने अप्रेंटिस नाही. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. त्यानुसार मालक आणि मुलगा यांच्यात करार होतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो आणि त्याला नंबर मिळतो. हा नंबर नसेल तर मुलगा बहुतेक वेळा साधा कामगारच ठरतो आणि मग किमान वेतन, पीएफ, ईएसआय (कामगार विमा) यांचा प्रश्न येतो. इथे अप्रेंटिसचे फायदेही मिळत नाहीत आणि कामगाराचेही नाहीत.

मालकाशी भांडायला जाण्याआधी सरळ विचारा : ‘पोर्टलवर करार करून घ्याल का?’ तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनी स्टायपेंडची (विद्यावेतनाची) किमान रक्कम दहावी पासला ६,०००, आयटीआय पासला ७,०००, डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० अशी ठरवली. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेत यातला पाव हिस्सा, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं. म्हणजे करार केल्याने मालकाचंही नुकसान नाही. लहान मालक बहुतेक ‘ऑनलाइनची कटकट’ म्हणून टाळतात. मुलाच्याच आयटीआयचे शिक्षक ही नोंदणी करायला मदत करू शकतात, त्यांना सोबत घ्या.

आता आठ हजारांपेक्षा मोठी गोष्ट. अप्रेंटिसशिप पुरी करून परीक्षा दिली की राष्ट्रीय अप्रेंटिस सर्टिफिकेट मिळतं. रेल्वे आणि सरकारी कारखान्यांच्या भरतीत त्याला वजन आहे. आणि फिटरने वर्षभर नुसती ग्राइंडिंग केली तर आयटीआयमध्ये शिकलेलं व्हर्नियर-मायक्रोमीटरचं मोजमाप हातातून जातं. त्याला मेंटेनन्स, असेंब्ली, बेंचवर्क मिळायला हवं. रोज काय केलं ते डायरीत लिहायला सांगा. तीन महिन्यांच्या पानांवर ‘ग्राइंडिंग’ एवढाच शब्द असेल तर दुसरी जागा शोधावी.

प्रश्न : मेकॅनिकल डिप्लोमा झाला. युवा निधी घेऊ की अप्रेंटिस म्हणून लागू? — शहापूर, बेळगाव

दोन्ही एकदम मिळत नाही. युवा निधी या कर्नाटक सरकारच्या बेरोजगार भत्त्यात डिप्लोमाधारकाला महिन्याला १,५०० आणि पदवीधराला ३,००० रुपये मिळतात, तेही जास्तीत जास्त दोन वर्षं आणि पास झाल्यावर १८० दिवस बेरोजगार राहिलात तर. स्टायपेंड घेणाऱ्या अप्रेंटिसला आणि पुढे शिकणाऱ्याला तो लागू नाही. नुसता आयटीआय झालेलाही त्यात बसत नाही. आमच्या मते अप्रेंटिसशिपच घ्या. पैसा जास्त आहे आणि पुढच्या मुलाखतीत सांगायला एक वर्षाचं काम हाताशी असतं. डिप्लोमाधारकांसाठी वेगळं राष्ट्रीय पोर्टल आहे, त्याचं दक्षिण विभागाचं मंडळ चेन्नईला आहे. युवा निधीचा अर्ज केलेला असेल आणि मध्येच काम लागलं तर स्वयंघोषणेत ते खरं लिहा, नाहीतर घेतलेले पैसे परत भरावे लागतात.

प्रश्न : राज्याच्या पोर्टलवर स्कॉलरशिप मंजूर दिसते, पण खात्यात पैसे नाहीत. बँक म्हणते आधार लिंक आहे. — येळ्ळूर

लिंक असणं वेगळं आणि सीडिंग (सरकारी पैसा कोणत्या बँकेत टाकायचा याची आधारवरची नोंद) वेगळं. खात्याला आधार नंबर जोडलेला असतो, पण सरकारी पैसा ज्या खात्याचं सीडिंग झालेलं आहे तिथेच जातो, आणि ते एका वेळी एकाच बँकेत असतं. कॉलेजमध्ये कॅम्प लावून एखाद्या नव्या बँकेने खातं उघडलं असेल तर सीडिंग तिकडे सरकलेलं असतं आणि पैसा तिथे पडलेला असतो. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, बँकेचं नाव दिसेल.

ते ठीक असेल तर नावं तपासा. आपल्या भागात हा घोळ फार होतो. मार्क्सकार्डावर नुसतं नाव आणि वडिलांचं नाव, आधारवर आडनाव आधी, नाडकचेरीच्या (दाखले देणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) जात-उत्पन्न दाखल्यावर कन्नडमधून इंग्रजीत आलेलं तिसरंच स्पेलिंग. संगणकाला ती तीन माणसं वाटतात. मार्क्सकार्ड पाया धरा, कारण ते बदलणं सगळ्यात अवघड आहे, आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. आधारमधलं नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून फॉर्मवरचं अक्षर न् अक्षर स्वतः वाचूनच सही करा. दाखल्याचा आरडी नंबर टाकल्यावर पोर्टलवर कोणतं नाव येतं तेही बघा.

प्रश्न : सीमाभागातल्या मुलांना महाराष्ट्रात काही सवलत आहे का? — बेळगुंदी

महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत अर्ज करता येतो. त्यासाठी त्या गावात पंधरा वर्षं वास्तव्य असल्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांतही सीमाभागाचा वेगळा गट असतो. आधी आपलं गाव यादीत आहे का बघा आणि दाखल्याचा नमुना त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच घ्या. जुन्या नमुन्यावर आणलेला दाखला परत येतो.

प्रश्न : मुलीला शिवणकाम शिकून घरी मशीन टाकायची आहे. — कडोली

अग्रणी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत महिनाभराचा कोर्स फुकट असतो, राहण्याजेवणासकट. वय १८ पूर्ण झालेलं हवं. शिवणाबरोबर हिशेब आणि बँकेला द्यायचा प्रकल्प अहवालही करून घेतात. कर्ज मात्र बँक तिच्या पद्धतीने ठरवते, कोर्स केला म्हणजे मंजूरच असं नाही. पीएम विश्वकर्मातही शिंपीकाम आहे : पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज एक लाखापर्यंत. पण ही योजना आधीच तो धंदा करणाऱ्यांसाठी आहे आणि घरटी एकालाच मिळते. म्हणून आधी शिकू द्या, गावातल्या बायकांचे ब्लाउज-फॉल शिवू द्या, त्यानंतर अर्ज करा. मशीन घेताना आधी साधी पायाची घ्या. लाइट गेली तरी गिऱ्हाईक परत जात नाही.