वय ४६, चाकणची नोकरी सोडून खान्देशात स्वतंत्र एनर्जी कन्सल्टंट म्हणून काम सुरू करावं का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: चाकणला इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे मॅनेजर, भुसावळला स्वतःचं घर, मुलगी अकरावीत, शुगरची गोळी चालू. डोक्यात एनर्जी ऑडिटचं, म्हणजे कारखान्यात वीज कुठे वाया जाते ते मोजून सांगायचं काम घोळतंय. आणि घरचे म्हणतात, नुसत्या सल्ल्याला आपल्याकडे पैसे देतं कोण?

घरच्यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. मी जळगावला हेच काम करतो, साधारण तुमच्याच वयात प्लँटची नोकरी सोडून. काम मिळेल का ही काळजी करू नका, काम इथे पडून आहे. जळगाव एमआयडीसीत डाळ मिल, चटईचे आणि पाइपचे कारखाने, बोदवड-धरणगाव-जामनेरकडे जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने), सावदा-रावेरला केळीचे पॅक हाऊस आणि कोल्ड स्टोरेज, धुळ्याला अवधान एमआयडीसी. यातल्या बहुतेक ठिकाणी पगारावर इलेक्ट्रिकल इंजिनिअर नाही. एक वायरमन असतो आणि लाइट बिल अकाउंटवाला भरतो. भरतो, वाचत नाही.

एक नमुना सांगतो. एका डाळ मिलमध्ये गेलो. शेठ म्हणाले, आमचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामी येते ते प्रमाण) एकदम चोख आहे. पॅनलचं दार उघडलं तर आत बोटभर पिवळी भुकटी, तुरीची. वायरमन अभिमानाने म्हणाला, "साहेब, कपॅसिटर मी कधीच बंद करत नाही." कपॅसिटर असतो पॉवर फॅक्टर सुधारायला, पण तिथेच घोळ होता. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात एचटी (उच्च दाबाची वीज घेणाऱ्या) ग्राहकाचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या कामी आलेल्या नाही तर एकूण ओढलेल्या विजेवर येतं, आणि मीटर लॅगिंगइतकंच (कपॅसिटर कमी पडले तर) लीडिंगही (कपॅसिटर जास्त झाले तर) मोजतो. रात्री मिल बंद, लोड नावाला, आणि पूर्ण कपॅसिटर बँक चालू. म्हणजे मशीन झोपलेली असताना युनिट चढत होती. पूर्वीच्या पद्धतीत ज्या सवयीचं कौतुक व्हायचं, तीच आता बिल वाढवत होती. त्याच बिलात दुसरी गोष्ट: दोन महिने डिमांड (केव्हीएत मोजलेला सर्वात मोठा भार) वीज कंपनीशी केलेल्या कॉन्ट्रॅक्टमधल्या मर्यादेच्या वर गेलेली आणि जादा केव्हीएवर दीडपट दराने आकार लागलेला. का, तर सकाळी शिफ्ट सुरू होताना सगळ्या मोटारी एकदम चालू करायच्या.

आता गंमत बघा. यावरचा उपाय दोन वाक्यांत सांगून होतो. आणि तो सांगून झाला की शेठ म्हणतात, "बस, एवढंच? याचे काय पैसे घेता भाऊ, चहा घ्या." यात लबाडी नसते. आपल्याकडे माल दिसला की पैसे निघतात. कपॅसिटरचा खोका दिसतो, त्याचं बिल निमूट चुकतं होतं. तुमची वीस-बावीस वर्षं दिसत नाहीत.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. पहिल्या भेटीत बारा महिन्यांची बिलं बघायची आणि कुठे किती जातंय तो आकडा सांगायचा, फुकट. कशाने थांबेल ते तिथे बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी एक पानाचा प्रस्ताव: काय मोजणार, किती दिवस, रिपोर्टमध्ये काय असेल, फी किती. अर्धी आधी, अर्धी रिपोर्ट हातात देताना. येण्याजाण्याचा खर्च वेगळा, कारण तुम्ही भुसावळला बसून नंदुरबारचं मिरचीचं युनिट बघायला गेलात तर दिवस गेलाच. सूरत लाइनच्या गाडीने गेलात तरी.

बरेच जण सुचवतील की वाचलेल्या पैशात हिस्सा घ्या. ऐकायला गोड, वसुलीला कडू. पुढच्या महिन्यात उत्पादन वाढतं, दर बदलतो, नवीन मशीन बसतं, आणि मग वाचलं किती यावर वाद. जिनिंगमध्ये तर दोन हंगामांची तुलनाच होत नाही, कापूस किती आला त्यावर सगळं. ठरावीक फी घ्या.

आता कमिशनबद्दल, कारण खरी परीक्षा तिथे आहे. तुमचा रिपोर्ट आला की शेठ विचारणार, पॅनल कोणाकडून घेऊ? आणि पॅनलवाला त्याआधीच तुम्हाला म्हणालेला असणार, "साहेब, तुमचं बाजूला काढून ठेवतो." सुरुवातीच्या वर्षात, फी अडकलेली असताना, ही रक्कम फार मोठी वाटते. घेऊ नका. उपदेश करत नाही, हिशेब सांगतो. खान्देशात पॅनलवाला डाळ मिलवाल्याचा कोणी ना कोणी असतोच. मेहुणा, व्याही, नाहीतर व्याह्याचा शेजारी. तुम्ही घेतलेलं कमिशन पुढच्या लग्नाच्या पंगतीत शेठच्या कानावर जातं. त्या दिवसापासून तुम्ही सल्लागार राहत नाही, पॅनलवाल्याचे एजंट होता, आणि एजंटला फी कोण देईल? मी तीन नावं लिहून देतो, कोटेशनं आली की तांत्रिक बाजू तपासून देतो, भाव त्यांचा ते करतात. माझी फी निघते ती याच जोरावर. शेठला मनातून माहीत असतं की हा एकच माणूस त्याला काही विकत नाहीये.

पैसे वेळेवर येणं हा वेगळा विषय. इथलं व्यापाराचं चक्र समजून घ्या. दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत जिनिंगवाल्याला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो आणि त्याचा पैसा कापसात अडकलेला असतो. त्याची देखभालीची कामं एप्रिल-मे-जूनमध्ये निघतात, म्हणजे ४४-४५ डिग्रीत पत्र्याच्या शेडखाली क्लॅम्प मीटर घेऊन तुम्ही. त्यात लग्नसराई, मालक जागेवर सापडेल तर नशीब. कामं एकदम येतात आणि मग काही महिने शांतता. पगार एक तारखेला पडायची सवय असलेल्या माणसाला हीच गोष्ट सगळ्यात जास्त सोसावी लागते.

यावर एक सरकारी उपाय आहे, तो वापरा. उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंद) करा, फुकट आहे, सल्ला सेवेलाही मिळते. २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत तुमचे पैसे द्यायला हवेत. शेठला हे सांगून फार फरक पडत नाही. फरक पडतो तो त्यांच्या सीएमुळे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांना द्यायचं, पण या मुदतीबाहेर थकवलेलं बिल शेठला आयकराच्या हिशेबात त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही. बिलावर उद्यम नंबर छापलेला असेल तर मार्चमध्ये अकाउंटवाल्याचा फोन स्वतःहून येतो.

कराचं फार डोक्याला लावून घेऊ नका. इंजिनिअरिंग सल्ल्याला अनुमानित उत्पन्नाची योजना लागू होते: जमा रकमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, वह्या ठेवायची कटकट नाही. मर्यादा ५० लाख, रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. वर्षाची जमा २० लाखांच्या वर गेली की जीएसटी. "बिल नको, रोख घ्या" म्हणणारे भेटतील. बँकेतूनच घ्या, नाहीतर उद्या कर्ज मागायला गेलात की दाखवायला काही नसतं.

त्यावरून आठवलं. कर्ज, टॉपअप, काय हवं ते पगाराची स्लिप हातात असतानाच करून घ्या. नोकरी सोडल्यावर बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. आणि शुगर आहे म्हणता, तर राजीनाम्याच्या बरंच आधी कुटुंबाची स्वतःची आरोग्य पॉलिसी काढा, शुगर न लपवता. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तो काळ कंपनीच्या ग्रुप पॉलिसीच्या छत्राखाली जितका जाईल तितका जाऊ द्या. हे एवढं एक काम तरी या महिन्यात कराच. पीएफला हात लावू नका. मुलीची बारावी आणि पुढच्या प्रवेशाचे पैसे वेगळ्या एफडीत, वर्षभराचा घरखर्च वेगळ्या. घरच्यांना समजवायला शब्द पुरत नाहीत, या दोन पावत्या पुरतात. बाकी लोक विचारणारच, "काय भो, नोकरी सुटनी का?" हो म्हणायचं आणि जेवायचं.

बीईईची (ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, केंद्र सरकारची संस्था) एनर्जी ऑडिटरची परीक्षा नोकरीत असतानाच द्या. चार पेपर आहेत, मुलीबरोबर अभ्यासाला बसा. डाळ मिलच्या शेठला त्या सर्टिफिकेटचं काही नसतं. पण सूतगिरणी, ट्रस्टचं कॉलेज, हॉस्पिटल अशा ठिकाणी तुमचं नाव संचालकांच्या बैठकीत जातं, तिथे कागद लागतो.

म्हणजे सोडावी का? माझ्या मते हो, पण मुलीची बारावी झाल्यावर, परीक्षा आणि पॉलिसी हातात आल्यावर. तोवर सुट्टीत गावी आलात की ओळखीच्या दोन-तीन युनिटची बिलं मागून वाचा. फी मागताना तोंडातून शब्द फुटतो का तेही तेव्हाच कळेल. अनेकांचा फुटत नाही. मग त्यांनी नोकरीच करावी, त्यात कमीपणा काही नाही.

शेवटी विचारलंय, जळगावात ऑफिस भाड्याने घेऊ का. नको. शेठ तुमच्या ऑफिसला कधीच येणार नाहीत, तुम्हालाच जावं लागणार. त्या भाड्याच्या आणि डिपॉझिटच्या पैशात एक चांगला पॉवर अॅनालायझर घ्या. आठवडाभर लावून ठेवता येईल असा, हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतला बिघाड) दाखवणारा. कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट सोबत मागून घ्या, वीज कंपनीशी मीटरवरून वाद झाला की तुमच्या रीडिंगबद्दल पहिला प्रश्न तोच येतो.