जादूची पावती कुणाच्या नावावर फाटते?

प्रिय दोस्त,

चार कादंबऱ्यांवरची तुझी टिपणं वाचली. वाचन मनापासून झालंय हे कळतं. पण चारही टिपणांत तीच तीन वाक्यं फिरून फिरून येतात: ‘जग छान उभं केलंय’, ‘मध्ये जरा संथ होते’, ‘मॅजिक सिस्टिम भारी आहे’. ही वाक्यं कुठल्याही फँटसीला चिकटतात, म्हणून ती कुठल्याच फँटसीबद्दल काही सांगत नाहीत. आवडलं किंवा नाही आवडलं हे तुझं खरंच आहे, त्यावर कुणी वाद घालणार नाही. ते कुठल्या पानामुळे झालं हे सांगितलंस, तर मात्र वाचणाऱ्याला तुझ्याशी भांडता येईल. तेवढं जमलं पाहिजे.

त्यासाठी एकच प्रश्न हातात धरून वाच. या जादूची किंमत काय, आणि ती कोण भरतं?

वहीचं पान आडवं धर आणि चार रकाने आख: शक्ती, अट, किंमत, भरणारा. कडेला पान क्रमांक. ई-बुक असेल तर टक्के लिही, कारण अक्षर मोठं केलं की पानं बदलतात. जादू पहिल्यांदा दिसेल तिथे पहिली नोंद. पाचशे पानांच्या कादंबरीत दहा-बारा नोंदी पुरतात. चाळीस व्हायला लागल्या तर तू वाचणं सोडून हिशेब लिहीत बसलेयस असं समज. चौथा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो. तो रिकामा का राहिला, हेच पुढे टिपणात लिहायचं असतं.

ब्रँडन सँडरसनच्या ‘मिस्टबॉर्न’च्या पहिल्या भागाबद्दल (2006) तू लिहिलंस की धातू गिळून ‘जाळायचे’, साठा संपला की शक्ती संपली, हीच किंमत. हे अर्धंच झालं. पोलादाने धातू ढकलता येतो, पण समोरची वस्तू आपल्यापेक्षा जड असेल तर आपणच मागे फेकले जातो. जमिनीवर पडलेल्या नाण्यावर जोर देऊन नायिका व्हिन वर उडते ती याच नियमाने. ही झाली अट. किंमत वेगळीकडे आहे. शक्ती जागी व्हावी म्हणून सरदार घराणी पोरांना मरेस्तोवर मारतात, आणि सगळ्यात मौल्यवान धातू, एटियम, हाथसिनच्या खाणीतून येतो, जिथे ठरलेल्या वेळात खडा न सापडणाऱ्या कैद्याचा जीव घेतात. हवेतल्या त्या झकास मारामाऱ्यांची पावती फाटते ती या कैद्यांच्या नावावर. सँडरसनचं यंत्र चोख आहे, यात शंका नाही; पण त्या यंत्राचं कौतुक करताना खाणीचा उल्लेखही न करणारं टिपण मला अपुरं वाटतं.

अर्सुला ले ग्विनची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (1968) तुला ‘साधी, मुलांची’ वाटली. पुस्तक लहान आहे, प्रकरणं दहाच. पण चौथं प्रकरण पुन्हा वाच. गेड हा शिकाऊ जादूगार ईर्ष्येपोटी मेलेल्या व्यक्तीला बोलावतो, तेव्हा पडलेल्या फटीतून सावली बाहेर येते, गेडच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात. आणि ती फट बुजवताना त्याच्या जादूशाळेचा म्हातारा प्रमुख नेमर्ल आपली सगळी ताकद ओतून मरतो. चूक एकाची, मरण दुसऱ्याला. त्याच पुस्तकात इशारा आहे की रोक बेटावर पाडलेला पाऊस म्हणजे ऑस्किलमध्ये दुष्काळ असू शकतो. एका ओळीत चारही रकाने भरतात. असं लिहिणं फार थोड्यांना जमतं, म्हणून ‘साधी’ हा शब्द मागे घेतलास तर बरं.

‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ला (सुझना क्लार्क, 2004) तू ‘संथ’ म्हटलंयस. संथपणा मोजता येतो. मुख्य पात्राच्या एका निर्णयापासून दुसऱ्या निर्णयापर्यंत किती पानं गेली ते बघ. त्या पानांत तुला नवीन काही कळलं का? कळलं असेल तर ते संथ नाही, दाट आहे. या कादंबरीत लोक अडखळतात ते बहुधा तळटिपा गाळल्यामुळे. गोष्टीच्या जादूचे नियम तिथेच दडलेले आहेत: पऱ्यांच्या लोकाशी केलेले करार कसे उलटतात याच्या कितीतरी लहान गोष्टी तिथे येतात. त्या वाचलेल्या असल्या की जादूगार नॉरेल परीलोकातल्या एकाशी सौदा करून एका मेलेल्या मुलीला उठवून बदल्यात तिचं अर्धं आयुष्य देऊ करतो तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो. त्याला वाटतं आयुष्याचा उत्तरार्ध जाईल. तो परीलोकातला तिच्या रात्री घेतो. सौदा करणारा एक, भरणारी दुसरी, आणि तिला विचारलेलंही नाही. पुस्तकाचा हा कणा तुझ्या टिपणात एका वाक्यानेही आला नाही.

इथे एक फरक लक्षात ठेव. सँडरसनने 2007 साली एका लेखात मांडलंय की जादूने पेच सोडवायचा असेल, तर ती जादू वाचकाला आधी तितकीच नीट कळलेली असली पाहिजे. तपासायला सोपं आहे: शेवटचा पेच ज्या नियमाने सुटतो, तो नियम तुझ्या वहीत पहिल्या ऐंशी टक्क्यांत नोंदलेला आहे का? पाचशेतल्या चारशे साठाव्या पानावर पहिल्यांदा आला असेल तर पान क्रमांकासकट तसं लिही. पण हाच गज क्लार्कला लावू नकोस. तिथे जादू पेच सोडवत नाही, पेच निर्माण करते, आणि ती धूसर राहण्यातच भीती आहे. आपल्याला हे शिकवावं लागू नये. उत्तर माहीत असून राजा बोलला नाही तर डोक्याची शकलं, बोलला तर वेताळ परत झाडावर. अट आणि किंमत दोन्ही आधीच सांगून टाकलेली. हिरण्यकशिपूच्या वरात पळवाट कुठे आहे हे शोधतच आपण लहानाचे मोठे होतो. (म्हणून ‘हे सगळं आपल्या पुराणांत आहेच’ असं मात्र टिपणात लिहू नकोस. त्याने पुस्तकाबद्दल काहीच कळत नाही.)

‘द फिफ्थ सीझन’ (एन. के. जेमिसिन, 2015) तुझं सगळ्यात आवडतं, आणि त्यावरचंच टिपण सगळ्यात पोकळ. या मालिकेच्या तिन्ही भागांना 2016, 2017 आणि 2018 असं ओळीने ह्यूगो हे विज्ञानकथा-फँटसीचं पारितोषिक मिळालं, हे तू दोनदा लिहिलंस. एकदाही नसतं तरी चाललं असतं. त्याऐवजी हे बघ. भूकंप आवरणारी माणसं भोवतालची उष्णता ओढून घेतात, त्यांच्याभोवती बर्फाचं कडं पडतं, आणि त्या कड्यात जो जीव सापडेल तो गोठतो. किंमत शेजाऱ्याची. ‘जग छान उभं केलंय’ म्हणजे काय तेही इथे दाखवता येतं: संकटकाळ आला की वस्तीचे दरवाजे बंद होतात, साठवलेलं धान्य मोजलं जातं, आणि कुणाला आत ठेवायचं हे कामावरून पाडलेल्या जातीवर ठरतं, जी बहुतेकांना आईबापाकडून मिळालेली असते. हे वाचून मराठी वाचकाला काहीच सुचू नये? कुठलंही काल्पनिक जग तपासताना आधी विचार की धान्य कुठून येतं, स्वयंपाक कोण करतं, वाटेतल्या घोड्याला चारा कोण देतं. नकाशा त्यानंतर.

याच कादंबरीच्या शेवटी परिशिष्टात शब्दार्थ आहेत. ई-बुकमध्ये सुरुवातीलाच तिथे खूण ठेवून घे. कथेच्या तीन धाग्यांत हरवण्याचं निम्मं कारण तिथे मिटतं. आणि भूकंप थोपवणाऱ्या ठाण्याच्या आत काय दिसतं, तो प्रसंग टिपणात उघड करू नकोस. मी एवढीच मर्यादा पाळतो: पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातलं मोकळेपणाने सांगायचं, पुढचं फक्त ‘किती खोल लागलं’ एवढंच.

भाषेबद्दल तू काहीच लिहीत नाहीस. 1973 च्या एका निबंधात ले ग्विननी एक गंमत केली होती: एका फँटसीतला संवाद घेतला, त्यातले मोजके शब्द बदलले, आणि तो वॉशिंग्टनच्या राजकारण्यांचा संवाद झाला. तू सरदाराच्या जागी आमदार आणि गढीच्या जागी मंत्रालय घालून बघ. संवाद तसाच चालला तर त्या जगाला स्वतःचा आवाज नाही. ‘मिस्टबॉर्न’ बऱ्याच ठिकाणी इथे नापास होते. चोरांच्या टोळीच्या चेष्टामस्करीत ते खपून जातं, उमरावांच्या मेजवान्यांत खटकतं. इंग्रजी वाचताना दमछाक झाली असेल तर तो दोष लेखकाच्या माथी मारू नकोस. दोन दिवसांनी तेच पान मोठ्याने वाच आणि मग ठरव.

आता लिहिण्याची पद्धत. पन्नासाव्या पानावर थांबून दोन ओळींत अंदाज लिही: पुढे काय होईल, कुणावर विश्वास नाही. पुस्तक संपल्यावर तीन दिवस काही लिहू नकोस; तीन दिवसांनंतर जे आठवतं तेवढंच पुस्तक तुझ्यात उतरलेलं असतं. टिपण पाचशे शब्दांचं, त्यातलं कथानक शंभरच्या आत. एक उतारा तीन-चार ओळींचा, आणि तो का निवडला याचं कारण. तारे देऊ नकोस. चार तारे दिले की पुढचं कुणी वाचत नाही, आणि पाचवा का नाही हे लिहिण्याचा तुझाही कंटाळा वाढतो. मालिकेच्या पहिल्या भागावर लिहिताना ‘पुढे उलगडेल’ ही सबब लेखकाच्या वतीने तू देऊ नकोस. या दोन पुठ्ठ्यांमध्ये काय आहे तेवढंच बोल.

पुढचं पुस्तक म्हणून ‘द टूम्ब्स ऑफ अॅटुआन’ (1971) घे. अर्थसीचाच दुसरा भाग, पण गेड उशिरा येतो. सुरुवातीलाच एका लहान मुलीला घरातून नेऊन पुजारीण करतात आणि तिचं नावही काढून घेतात. म्हणजे शक्ती दिसायच्या आधीच किंमत वसूल झालेली असते. तेव्हा या वेळी वही उलटीकडून भर, चौथ्या रकान्यापासून. टिपण पाठवशील तेव्हा त्या पानाचा फोटोही जोड.

सस्नेह.